वसईची वाडी आणि वाडीतले घर

धर्मांतरानंतरही चारशे वर्षे ज्या घराची शेती, बोली आणि रीतभात फारशी बदलली नाही, ते घर गेल्या तीन-चार दशकांत झपाट्याने बदलले. हा बदल उपासनेमुळे झाला नाही. तो झाला जमिनीच्या भावामुळे आणि शाळेच्या माध्यमामुळे. वसईच्या ग्रामीण ख्रिस्ती कुटुंबाचा हा वेध.

डिसेंबर उजाडला की मुंबईकरांना वसई आठवते. नाताळचे गोठे, घरांवरचे चांदणीच्या आकाराचे कंदील, मध्यरात्रीच्या मिस्साला लोटलेली गर्दी यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात आणि जानेवारी लागताच ती विस्मरणात जातात. वर्षाचे उरलेले अकरा महिने येथील ख्रिस्ती शेतकरी कुटुंब कसे जगते, त्याच्या घरात कोणती भाषा बोलली जाते, त्याच्या विहिरीला पाणी आहे की नाही, याची चौकशी क्वचितच होते. शहरी वाचकाच्या मनात ‘ख्रिस्ती’ म्हटले की इंग्रजी बोलणारे, नोकरदार, वांद्र्या-माहीमचे कुटुंब उभे राहते. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील नंदाखाल, आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, उमराळे या गावांत मात्र हे चित्र पार उलटे होते. येथील घर शेतकऱ्याचे होते आणि त्याची भाषा मराठीची एक जुनी बोली होती.

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे पाच वर्षांत या किनारपट्टीवरील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांपैकी सामवेदी बोली बोलणारा समाज कुपारी या नावाने ओळखला जातो. हे नाव ‘कोंपाद्र’ या पोर्तुगीज शब्दावरून, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी जुळणाऱ्या धर्मपित्याच्या नात्यावरून आले असावे, असे मानले जाते. आडनावे लोपीस, डाबरे, परेरा, रॉड्रिग्ज, तुस्कानो अशी झाली. बोली मात्र तीच राहिली. आजही शेजारच्या आळीतील सामवेदी हिंदू कुटुंब आणि कुपारी ख्रिस्ती कुटुंब यांचे बोलणे मुळात एकच आहे. देवघरातील मूर्ती वेगळी असली तरी अंगणातील भाषा वेगळी झाली नाही.

घर, वाडी आणि बावखल

या घराचा कणा म्हणजे वाडी. घराला लागून बागायत, बागायतीत विहीर आणि खोलगट जागी बावखल, अशी तिची रचना असे. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवणारे गोड्या पाण्याचे तळे. समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या गावात त्याचे मोल वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात ते भरायचे, हळूहळू जमिनीत मुरायचे आणि आसपासच्या विहिरींना वर्षभर पाणी पुरवायचे. जमिनीतील गोड्या पाण्याचा हा दाबच खाऱ्या पाण्याला समुद्राकडे थोपवून धरतो. विहिरीवर रहाट असे. बैल किंवा रेडा गोल फिरे आणि पाणी पाटाने केळीच्या, पानवेलीच्या, फुलझाडांच्या मुळाशी जाई.

राजेळी केळ्यांपासून होणारी सुकेळी ही या वाड्यांची खास ओळख. पिकलेली केळी सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवायची, संध्याकाळी दंव पडण्याआधी आत घ्यायची आणि शेवटी केळीच्याच सुक्या पानांत घट्ट बांधून ठेवायची. या कामाला साऱ्या घराचे हात लागत. म्हातारी माणसे केळी सोलत, मुले राखण करीत, सुना उलटापालट करीत. आता हे काम मोजक्याच घरांत उरले आहे. राजेळीची लागवड घटली आणि दिवसभर उन्हाकडे लक्ष ठेवायला घरात माणूस उरला नाही, ही त्याची साधी कारणे.

वाडीचा माल रेल्वेने मुंबईला जाई. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे उपनगरी गाडी सुरू झाली आणि भाजी, केळी, फुले यांना मोठी बाजारपेठ मिळाली. लाल लुगडे नेसलेल्या, डोक्यावर पाटी घेतलेल्या वसईच्या बायका उपनगरांतील गृहिणींच्या चांगल्या परिचयाच्या होत्या. भाव ठरवणे, उधारी लक्षात ठेवणे, गाडीची वेळ गाठणे हे सारे त्या करीत. म्हणजे शहराशी घराचा व्यवहार प्रथम जोडला तो बऱ्याच अंशी स्त्रियांनी. पुढच्या पिढीतील मुली शिक्षिका, परिचारिका, बँक कर्मचारी म्हणून त्याच गाडीने शहरात गेल्या, तेव्हा घराला ते पूर्णपणे नवे वाटले नाही. आजीने पाटी नेली, नातीने पर्स नेली. फरक एवढाच की आजी संध्याकाळी वाडीत परतत असे. नात परतते तेव्हा वाडीत काम उरलेले नसते.

घंटेवरचा दिवस

या घराचे वेळापत्रक चर्चच्या घंटेवर चाले. सकाळी मिस्सा, दुपारी आणि सायंकाळी देवदूताच्या निरोपाची घंटा. दिवेलागणीला सारे कुटुंब अल्तारासमोर जमून जपमाळेची प्रार्थना म्हणे आणि ती संपली की लहानांनी थोरांपुढे हात जोडून आशीर्वाद घ्यायचा, असा शिरस्ता होता. मे महिन्यात हीच प्रार्थना गावच्या क्रुसापाशी होई. उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत मांसाहार आणि लग्नकार्ये टळत.

या धार्मिक दिनक्रमाखाली शेतीचा दिनक्रम स्पष्ट दिसे. भाताची पहिली कणसे देवळात नेऊन त्यांना आशीर्वाद घ्यायचा, हा ईस्ट इंडियन गावांतील ‘आगेरा’ सण कोकणातील ‘नव्या’च्या प्रथेचा सख्खा भाऊ म्हणावा असा आहे. लग्नात वाजतगाजत विहिरीचे पाणी आणण्याचा विधीही असाच. विहीर हे घराच्या समृद्धीचे मूळ, म्हणून नव्या संसाराची सुरुवात तिच्यापासून. आता अनेक घरांच्या विहिरी बुजल्या आहेत किंवा त्यांचे पाणी मचूळ झाले आहे. विधी टिकवायचा तर पाणी आणायचे कोठून, हा प्रश्न लग्नघरात हसण्यावारी नेला जातो. पण त्या हसण्यात थोडी हुरहूरही असते.

या दिनक्रमाला सर्वांत मोठा धक्का बसला तो २०२० मध्ये. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि १२ एप्रिलचा ईस्टर बंद दरवाजांआड गेला. मिस्सा मोबाइलच्या पडद्यावर आली. घरातील ज्येष्ठांनी तीही नेहमीप्रमाणे डोक्यावरून पदर घेऊन, गुडघे टेकून ऐकली. अंत्यविधीला वीसच माणसे, हा नियम तर फार जिव्हारी लागला. कारण मयताला सारा गाव जाणे हा येथे धर्माइतकाच शेजारधर्म होता. १६ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यातील प्रार्थनास्थळे उघडली. मात्र एक गोष्ट मागे राहिली. परदेशी असलेली मुले आता पडद्यावरून घरच्या प्रार्थनेत सामील होतात. ज्या घरांत संध्याकाळची जपमाळ बंद पडत चालली होती, त्यांपैकी काहींत ती मोबाइलमुळे पुन्हा सुरू झाली.

एका घरात तीन भाषा

सामवेदी बोलीला स्वतंत्र लिपी नाही. लिहायची वेळ आली तर देवनागरी. घरात सामवेदी, शाळेत आणि देवळात प्रमाण मराठी, अशी विभागणी दीर्घकाळ होती. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेला वाट करून दिली आणि लॅटिन मिस्सा मराठीत आली. आजी-आजोबांना तोवर पाठ असलेल्या प्रार्थनांचा अर्थ कळू लागला, हा त्या पिढीचा मोठाच नवा अनुभव. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. ‘सुवार्ता’ मासिकाने येथे मराठी लेखक-वाचकांची पिढी घडवली. त्याचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा वसईच्या कुटुंबांनी आपल्या मराठीपणाचा एक साक्षीदार गमावला.

याच काळात घराघरांत मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाऊ लागली. निर्णय समजण्याजोगा होता. वाडीवर पोट भरणार नाही, नोकरी करावी लागेल, हे आईवडिलांना दिसत होते. पण त्याचा परिणाम शाळेपुरता राहिला नाही. अभ्यास घ्यायचा म्हणून आईवडील मुलाशी इंग्रजी-मराठी मिश्र भाषेत बोलू लागले आणि सामवेदी आजीच्या वाट्याला आली. आजी बोलीत विचारते, नातू समजतो, उत्तर मात्र दुसऱ्या भाषेत देतो. बोली समजणे आणि बोलणे यांतील हे अंतर एका पिढीचे असते. नातवाच्या मुलांना ती समजण्याचेही कारण उरणार नाही. बोलीत गाणी, नाटुकली, विनोदी चित्रफिती करणारे तरुण आता पुढे येत आहेत. त्यांचे कौतुक होतेही. मात्र रंगमंचावर टाळ्या मिळवणारी बोली जेवणाच्या पानावर बोलली गेली नाही, तर ती जिवंत राहील असे म्हणता येत नाही.

सातबाऱ्यावरील नावे

बोलीपेक्षाही नाजूक विषय आहे तो जमिनीचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामांना खुला होऊ लागला आणि टँकरने विहिरींचे पाणी उपसून नवी संकुले भागवली जाऊ लागली. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली मोठे आंदोलन झाले. फादर दिब्रिटो त्याच्या अग्रभागी होते आणि ख्रिस्ती-हिंदू शेतकरी त्यात खांद्याला खांदा लावून उतरले. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका स्थापन झाली, तेव्हाही अनेक गावांनी आपण गावेच राहू असा आग्रह धरला. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. रस्त्यावरची लढाई सर्वांना दिसली. घरातली मात्र दिसली नाही.

ही घरातली लढाई समजून घ्यायची तर कायदा पाहावा लागतो. ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता पुरुष वारला आणि त्याच्यामागे पत्नी व मुले असली, तर एकतृतीयांश हिस्सा पत्नीला मिळतो. उरलेल्या दोनतृतीयांशाची वाटणी मुलगा-मुलगी असा भेद न करता समान होते. जन्माने वडिलोपार्जित जमिनीत हक्क मिळण्याची कल्पना या कायद्यात नाही. हिंदू मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क देशभर २००५ मध्ये मिळाला. ख्रिस्ती मुलीचा समान वाटा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून कागदावर आहे.

कागद आणि रिवाज यांत अंतर होते. वाडी चार माणसांचे पोट कसेबसे भरत असे, तेव्हा बहीण भावासाठी हक्कसोडपत्रावर सही करी. त्या बदल्यात माहेरचा दरवाजा तिला उघडा राही, केळीचा घड आणि भाजीची पाटी येत राही. जमीन गुंठ्याच्या भावाने विकली जाऊ लागली आणि या अलिखित कराराचा पायाच हलला. भावाने वाडी कसली तर बहिणीने हिस्सा सोडण्याला अर्थ होता. भाऊ ती विकासकाला देणार असेल, तर तिने का सोडावा? हा प्रश्न विचारणाऱ्या बहिणीला गाव अजूनही ‘माहेर मोडणारी’ म्हणते. प्रत्यक्षात तिने माहेर मोडलेले नसते. माहेराची वाडी आधीच मोडीत निघालेली असते.

आणखी एक गोष्ट विकणाऱ्यांच्या ध्यानात उशिरा येते. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर सर्वसाधारणपणे घेणारा शेतकरी असावा लागतो. शेवटचा गुंठा विकला गेला, सातबाऱ्यावरून नाव उतरले, की पुढच्या पिढीला मनात आणूनही शेतीकडे परतणे दुरापास्त होते. विक्री जमिनीच्या एका तुकड्याची होते. जाते ते घराचे शेतकरीपण. म्हणूनच काही कुटुंबांनी अलीकडे वेगळा मार्ग धरला आहे. घराभोवतीची जागा राखायची, बावखल साफ करून ठेवायचे, मृत्युपत्र वेळेवर करायचे आणि मुलींना त्यांचा वाटा जमिनीत नाही तरी पैशाच्या रूपाने मोकळेपणाने द्यायचा. यात भावनेइतकाच हिशेबही आहे. बावखल राखले तर विहीर टिकते, विहीर टिकली तर टँकर लागत नाही.

वसईच्या या घराने पोर्तुगीज, मराठे, इंग्रज असे तीन अंमल पाहिले. नवा धर्म आपलासा केला आणि जुनी बोलीही सोडली नाही. तेव्हा बदल त्याला नवा नाही. पूर्वीचे बदल बाहेरून आले आणि घराने ते आपल्या पद्धतीने पचवले. आताचे निर्णय घरातच, जेवणाच्या पानावर होत आहेत: मुलाशी कोणत्या भाषेत बोलायचे, बावखल बुजवायचे की उपसून स्वच्छ करायचे, बहिणीला सहीसाठी बोलवायचे की वाटणीसाठी. पुढच्या पिढीला वाडीतले घर मिळणार की केवळ वाडीचे नाव दिलेले गृहसंकुल, हे त्या उत्तरांवर ठरेल.