दुसरा वाचक कुठे सापडतो

कनेरगाव नाका हे हिंगोली जिल्ह्याच्या वेशीवरचं गाव. पैनगंगा ओलांडली की वाशीम जिल्हा लागतो, म्हणजे विदर्भ. पूर्णा-अकोला मार्गावरचं स्टेशन आहे, हिंगोली-वाशीम रस्ता आहे, त्यामुळे माणसांची ये-जा सतत. अशा गावात वाचणारे नसतात, हा शहरातल्या लोकांचा समज. शाळेतले सर असतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं असतात, कृषी सेवा केंद्रात गिऱ्हाईक नसताना गल्ल्यावर कादंबरी उघडून बसणारा असतो, लग्नात ट्रंकेतून चार पुस्तकं घेऊन आलेली सूनबाई असते. पुस्तकही कसंबसं मिळतंच. मिळत नाही तो तेच पुस्तक वाचलेला दुसरा माणूस. सूनबाईंनी पुस्तक संपवलं, सरांनी वेगळंच संपवलं, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. महिन्यातून एकदा जमून काय वाचलं, कसं वाटलं, हे सांगण्याची बैठक बसवायची असेल तर आधी या दुखण्यावर इलाज हवा.

पोथीची बैठक

जमून वाचण्या-बोलण्याची ही रीत या भागाला नवी नाही. श्रावणात मारुतीच्या देवळात ‘पांडवप्रताप’ किंवा ‘हरिविजय’ लागतो. एक जण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि ऐकणारे मध्येच थांबवून विचारतात. अक्षरओळख नसलेली म्हातारी कर्णाची बाजू घेऊन भांडते, तेव्हा ती मतच देत असते. श्रीधरस्वामींच्या ग्रंथांना शतकानुशतकं वाचक मिळाले ते असेच, घोळक्याने. एकट्याने, मनातल्या मनात, दार लावून वाचायची सवय आपल्याकडे नंतरची. नामदेवांची नर्सी याच जिल्ह्यात आहे, तेव्हा चार जणांनी बसून शब्दांवर बोलण्याचं वावडं इथे कुणाला असायचं कारण नाही.

निजामाच्या राजवटीत या बैठकीला दुसरा अर्थही होता. गश्ती (परिपत्रक) क्रमांक ५३ मुळे हैदराबाद संस्थानात परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. वाचनालय मात्र चालवता येई, आणि मराठवाड्यात बरीच जागृती वाचनालयांच्या बाकांवरून झाली. पैनगंगेच्या अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड, अशी तेव्हाची हद्द. संस्थान विलीन झाल्यावर हैदराबाद राज्याने १९५५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा आला तो १९६७ मध्ये. म्हणजे ग्रंथालयाच्या कायद्यात अलीकडचा काठ पलीकडच्यापेक्षा बारा वर्षं पुढे होता. कपाटं किती भरली हा प्रश्न वेगळा, आणि तो विचारू नये हे बरं.

परभणीचा नमुना

जवळचं चालतं उदाहरण परभणीचं. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा होईपर्यंत कनेरगाव परभणी जिल्ह्यातच होतं. परभणीतलं गणेश वाचनालय बी. रघुनाथ यांच्या नावाने महोत्सव भरवतं आणि त्यात ‘एक पुस्तक, एक दिवस’ असा उपक्रम असतो. बी. रघुनाथ हे कवी आणि ‘आडगावचे चौधरी’सारख्या कादंबऱ्यांचे लेखक. ७ सप्टेंबर १९५३ ला अवघ्या चाळिशीत ते गेले. रीत साधी आहे: एका दिवशी एकाच पुस्तकावर बोलायचं. दहा पुस्तकांचं ओझरतं कौतुक करून हारतुरे घालण्यापेक्षा हे कितीतरी कसाचं काम. ऐकणारा पुस्तक वाचून आलेला नसला तरी जाताना ते शोधायला लागतो.

छापील नमुना पाहिजे तर ‘ललित’ मासिकाचा घ्यावा. केशवराव कोठावळे यांनी जानेवारी १९६४ मध्ये ते सुरू केलं. त्यात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने लेखकांच्या खोड्या काढायचे, आणि ‘चोखंदळ वाचकांची निवड’ या सदरातून वाचक आपापली आवडती पुस्तकं सांगायचे. एकाची निवड वाचून दुसरा पुस्तक मागवायचा. समीक्षकाच्या शिफारशीपेक्षा आपल्यासारख्याच कुणाची शिफारस लवकर पटते, हे त्या सदराने ओळखलं होतं.

पुस्तकं आणायची कुठून

यात सगळ्यात उपयोगी युक्ती नाशिकची आहे. विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. शंभर पुस्तकांची एक पेटी एका वस्तीतल्या वाचकांच्या गटाकडे जाते. ते आपसात वाचतात आणि काही महिन्यांनी पेटी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलतात. ही योजना परदेशातल्या मराठी घरांपर्यंत गेली. तिच्यातली मेख अशी की पेटी ठरावीक माणसांतच फिरते, म्हणून एकच पुस्तक चार-पाच जणांच्या हातांखालून जातं. दुसरा वाचक आपोआप तयार होतो.

शंभर पुस्तकांची पेटी पहिल्याच महिन्यात जमणार नाही आणि जमवूही नये. प्रत्येक घरातून दोन पुस्तकं आणली तरी दहा घरांची वीस होतात. पत्र्याची पेटी ज्याच्याकडे सगळ्यांचं जाणं-येणं आहे त्याच्या दुकानात ठेवावी. कृषी केंद्र किंवा झेरॉक्सचं दुकान देवळापेक्षा बरं, कारण तिथे दार उघडण्याची वेळ ठरलेली असते. भर घालायला जिल्ह्याच्या ठिकाणी दरवर्षी भरणारा ग्रंथोत्सव आहे. त्याशिवाय हिंगोली आणि वाशीम दोन्हीकडच्या वाचनालयांचं सभासद होण्याची सोय वेशीवरच्या गावालाच असते. एकाने इकडचं सभासदत्व घ्यावं, एकाने तिकडचं.

महिन्याचं पुस्तक

दोन पद्धती आहेत. ज्याने-त्याने आपल्या आवडीचं वाचून सांगायचं, किंवा सगळ्यांनी एकच वाचायचं. पहिली सोपी, आणि म्हणूनच लवकर मरते. सगळे पाळीपाळीने कथानक सांगतात, बाकीचे माना डोलावतात, चौथ्या महिन्याला निम्मे येत नाहीत. दुसरीत प्रती मिळण्याची अडचण. मधला मार्ग असा की महिन्याला फक्त दोन पुस्तकं ठरवायची, प्रत्येकाच्या दोन-तीन प्रती मिळवायच्या, आणि निम्म्यांनी एक, निम्म्यांनी दुसरं वाचायचं. मग प्रत्येक पुस्तकावर बोलायला दोन बाजू असतात आणि न वाचलेल्यांना उत्सुकताही राहते.

पुस्तकं कोणती, यावर माझं मत एकांगी आहे: सुरुवात शेजाऱ्यांपासून करावी. पलीकडे वाशीमला नामदेव कांबळे आहेत. त्यांच्या ‘राघववेळ’ या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. अलीकडे कळमनुरी तालुक्यातल्या रुपूरचे फ. मुं. शिंदे सासवडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. इंद्रजित भालेराव यांच्या ‘पीकपाणी’तली शेती इथल्या माणसाला कुणी समजावून द्यावी लागत नाही. परभणीच्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा अकादमी पुरस्कार मिळाला. यांतलं कुठलंही पुस्तक घेतलं तर बैठकीतला प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. पुण्याचा समीक्षक ज्यावर परिच्छेद लिहील ते इथला माणूस ‘असं नसतं हो आपल्याकडं’ एवढ्यात निकाली काढतो. घरचं झाल्यावर मग रशिया, जपान, कुठेही जावं.

मत कसं द्यायचं

‘छान आहे, वाचनीय आहे’ हे मत नव्हे. ते लग्नात जेवणाला द्यायचं उत्तर आहे. बैठकीत एक नियम पाळला तरी पुरे: बोलणाऱ्याने पुस्तक उघडून एक पान दाखवायचं. आवडलं असेल तर कुठे, अडलं असेल तर कुठे. पान समोर आलं की वाद माणसावरून मजकुरावर सरकतो. गावात हे फार महत्त्वाचं, कारण उद्या सकाळी दळणाच्या रांगेत हीच माणसं पुन्हा भेटायची असतात.

समजा ‘उसवण’ घेतलं. तुळजापूरच्या देविदास सौदागर यांची ही कादंबरी. तिला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. रेडीमेड कपड्यांमुळे शिंप्याचा धंदा कसा बसत गेला याची ती गोष्ट, आणि लेखकाने स्वतः शिवणकाम केलेलं. त्या महिन्यात गावातल्या शिंप्याला आग्रहाने बोलवावं, वाचलं नसलं तरी. मशीनवर बसलेल्या माणसाचं वर्णन असलेलं एक पान मोठ्याने वाचावं आणि त्याला विचारावं, खरं आहे का? तो काय म्हणेल हे आधी सांगता येत नाही. कदाचित धाग्याच्या भावावरून सुरू होईल आणि पोराला हा धंदा का शिकवला नाही इथवर जाईल. हरकत नाही, पुस्तकही तेच सांगतंय. बोलणं भरकटलं की पुन्हा पानावर आणायला एक जण नेमलेला असावा, आणि तो दर महिन्याला बदलावा. सर कायमचे अध्यक्ष झाले की बैठकीचा तास होतो.

न आवडलेलं पुस्तक अर्धवट सोडायची मुभा असावी. मात्र कुठल्या पानावर सोडलं ते सांगायचं. तिघांनी एकाच ठिकाणी सोडलं असेल तर तेवढ्यावरच तासभर बोलता येतं.

सुगी आणि बैठक

महिन्याची तारीख कॅलेंडरवरून ठरवू नये, शिवारावरून ठरवावी. सोयाबीन काढणीला आलं की दसऱ्याच्या आगेमागे कुणी फिरकणार नाही. वाचन प्रेरणा दिन १५ ऑक्टोबरला येतो तो नेमका या धांदलीत. शाळेत भाषणं होतात, शेतात मळणीयंत्र चालू असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढणं, शिजवणं, वाळवणं. त्या महिन्यांत कादंबरी ठरवणं म्हणजे न वाचण्याची सोय करणं. कविता किंवा एखादी दीर्घकथा ठेवावी, बैठकीतच वाचून काढावी. मोठी पुस्तकं पावसाळ्यासाठी राखावीत. पैनगंगेला पूर आला आणि रस्ता बंद झाला की वेळच वेळ असतो. बायकांना यायचं असेल तर रात्री आठची वेळ उपयोगाची नाही. दुपारी तीन ते साडेचार बरी, आणि जागा कुणाच्या घरी न ठेवता शाळेच्या वर्गात ठेवावी, म्हणजे चहाचं ओझं एकीवर पडत नाही.

एक वही

नोंदीला शंभरपानी वही पुरते. डाव्या पानावर पुस्तक, लेखक, कुणी वाचलं. उजव्या पानावर प्रत्येकाचं एक-दोन वाक्यांचं मत, त्याच्याच अक्षरात. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने त्याचे शब्द न सुधारता लिहावेत. वर्षाच्या शेवटी या वहीचा व्यवहारी उपयोगही आहे. शासनमान्य वाचनालयाला अनुदानातला काही भाग पुस्तकखरेदीवर खर्च करावाच लागतो, आणि खरेदीची यादी बऱ्याचदा विक्रेता देईल ती असते. वहीतून दहा नावं काढून, किती जणांनी वाचलं आणि काय म्हटलं हे लिहून, सगळ्यांच्या सह्यांनिशी अर्ज द्यावा. मार्चअखेरची खरेदी असते, म्हणून तो जानेवारीतच पोचला पाहिजे. एक प्रत हिंगोलीला, एक वाशीमला.