रेंदांग

रेंदांग (मिनांगकाबाउ भाषेत रांदांग) हा इंडोनेशियातील पश्चिम सुमात्रा प्रांतातील मिनांगकाबाउ लोकांचा पारंपरिक मांसाहारी पदार्थ आहे. मसाल्याचे वाटण घातलेल्या नारळाच्या दुधात मांसाचे तुकडे मंद आचेवर कित्येक तास शिजवले जातात आणि रस पूर्ण आटल्यावर सुटलेल्या तेलातच ते परतले जातात. परदेशांत रेंदांगची ओळख अनेकदा ‘करी’ अशी करून दिली जाते. ती दिशाभूल करणारी आहे, कारण पूर्ण झालेल्या रेंदांगमध्ये रस्सा उरतच नाही. पदार्थाची चव आणि त्याचे टिकणे या दोन्ही गोष्टी या कोरडेपणावर अवलंबून असतात.

नाव व पाकाच्या अवस्था

नारळाच्या दुधात पदार्थ सतत हलवत, तो कोरडा होईपर्यंत शिजवण्याच्या क्रियेवरून हे नाव पडले आहे. म्हणजे मुळात ते मांसाचे नव्हे, तर पद्धतीचे नाव आहे. त्यामुळेच अंडी, कच्चा फणस किंवा शिंपल्यांचेही रेंदांग होऊ शकते.

एकाच कढईत हा पदार्थ तीन अवस्थांतून जातो. पहिल्या अवस्थेत फिकट रंगाचा पातळ रस्सा असतो. त्याला ‘गुलाई’ म्हणतात. रस आळून तपकिरी झाला व तेलाचा तवंग दिसू लागला की ती ‘कालियो’ ही अवस्था होय. कालियो हा स्वतंत्र पदार्थ म्हणूनही आवडीने खाल्ला जातो. त्यापुढे आणखी शिजवून मांस गडद तपकिरी, जवळजवळ काळे झाले आणि मसाला त्याला चिकटून बसला, म्हणजेच रेंदांग झाले. इंडोनेशियाबाहेरच्या उपाहारगृहांत रेंदांग म्हणून वाढला जाणारा पदार्थ पुष्कळदा कालियोच असतो.

घटक

परंपरेने गाय-बैलाचे किंवा म्हशीचे मांस वापरतात. कोवळे मांस दीर्घकाळ शिजवल्यास विरून जाते, म्हणून मांडीचा घट्ट, कमी चरबीचा भाग निवडून त्याचे मोठे तुकडे केले जातात. वाटणात लाल मिरच्या, छोटे कांदे, लसूण, आले, हळद आणि कुलिंजनाचा कंद असतो. गवती चहा अख्खा, ठेचून घालतात. मात्र महाराष्ट्रात चहात टाकतात तशी त्याची पाती न घेता बुंध्याजवळचा जाड दांडा घेतला जातो. मक्रूट लिंबाची पाने आणि हळदीचे पान सुगंधासाठी लागतात. कोकणात पातोळ्या ज्या पानात उकडतात तेच हे हळदीचे पान. येथे ते गाठ मारून कढईत सोडले जाते. आंबटपणासाठी ‘आसाम कांदिस’ नावाचे वाळवलेले फळ वापरतात. ते कोकमाच्याच गार्सिनिया प्रजातीतील असल्याने, ते मिळत नसेल तेथे एक-दोन आमसुले घातल्यास परकी चव येत नाही.

घरगुती कृती

एक किलो मांसाला साधारण तीन नारळांचे दाट दूध लागते. दूध, वाटण व पाने पसरट कढईत एकत्र करून ढवळत उकळी आणतात आणि त्यानंतर मांस घालतात. सुरुवातीला अधूनमधून ढवळले तरी चालते. खरे कष्ट शेवटच्या तासाभराचे असतात. रस आळल्यानंतर मसाला तळाला लागू लागतो. तो करपला तर कडवटपणा सगळ्या पदार्थात उतरतो. म्हणून आच अगदी मंद ठेवून कालथ्याने तळ सतत खरवडावा लागतो. घरच्या शेगडीवर या साऱ्याला चार तास किंवा त्याहून अधिक वेळ जातो. प्रेशर कुकरमध्ये मांस लवकर मऊ होते, पण बंद भांड्यातून पाणी बाहेर जात नसल्याने पुढचे आटवणे व परतणे उघड्या कढईतच करावे लागते.

या बदलामागील कारण सोपे आहे. नारळाच्या दुधात तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरलेले असतात. पाणी असेपर्यंत कढईतील तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपास राहते, म्हणजे मांस उकडत असते. पाणी निघून गेले की तेल वेगळे होते, तापमान वाढते आणि तेच मांस तळले जाऊ लागते. गडद रंग आणि भाजका सुवास या टप्प्यावर येतो. डबाबंद नारळाच्या दुधात ते फाटू नये म्हणून स्थिरके मिसळलेली असल्यास तेल उशिरा सुटते. अशा वेळी पाककृतीत दिलेल्या वेळेपेक्षा कढईकडे पाहणे अधिक भरवशाचे ठरते.

टिकाऊपणा

पाणी जवळजवळ नाहीसे झाल्याने, मसाले व मीठ यांच्या साहाय्याने, पुरते कोरडे रेंदांग उष्ण हवेतही शीतकपाटाविना काही आठवडे टिकते. कालियोला हे लागू होत नाही. त्यात ओलावा असल्याने तो शीतकपाटातच ठेवून थोड्या दिवसांत संपवावा लागतो. दोहोंतील फरक केवळ शब्दांचा नाही तो यामुळे.

मिनांगकाबाउ समाज मातृवंशीय असून वडिलोपार्जित मालमत्ता मुलींकडे जाते. तरुणांनी नशीब काढण्यासाठी गाव सोडण्याच्या प्रथेला ‘मेरांताऊ’ म्हणतात. लांबच्या प्रवासाला निघालेल्यासाठी रेंदांग ही सोयीची शिदोरी होती. याच स्थलांतरितांनी इंडोनेशियाभर ‘पादांग’ पद्धतीची उपाहारगृहे काढली आणि त्यांबरोबर हा पदार्थ सर्वत्र पोहोचला. २०१८ मध्ये सुलावेसी बेटावरील पालू येथे भूकंप व त्सुनामी झाल्यानंतर पश्चिम सुमात्रातून मदत म्हणून रेंदांग पाठवण्यात आले होते.

सामाजिक स्थान

लग्न, ईद व इतर समारंभांत रेंदांगला मानाचे स्थान आहे. त्याच्या घटकांना प्रतीकात्मक अर्थही दिला जातो: मांस म्हणजे कुळातील वडीलधारे, नारळ म्हणजे विचारवंत, मिरची म्हणजे धर्मपंडित आणि उरलेला मसाला म्हणजे सारा समाज.

प्रादेशिक प्रकार

पायाकुंबुह येथील अंड्याचे रेंदांग पातळ, कुरकुरीत कापांचे असते. मलेशियातील नेगेरी सेंबिलान राज्यात मिनांगकाबाउ स्थलांतरितांचे वंशज राहतात. मलय पद्धतीत भाजून वाटलेले खोबरे, म्हणजे ‘केरिसिक’, घालण्याची रीत असून त्यामुळे रेंदांग लवकर दाट होते. २०१८ मध्ये ब्रिटनमधील ‘मास्टरशेफ’ या दूरचित्रवाणी स्पर्धेत एका परीक्षकाने कोंबडीच्या रेंदांगची कातडी कुरकुरीत नसल्याचा आक्षेप घेतला, तेव्हा मलेशिया व इंडोनेशिया या दोन्ही देशांतून त्यावर टीका झाली. रेंदांग मूळचे कोणाचे यावर एरवी वाद घालणाऱ्या या शेजाऱ्यांचे, कोंबडीची कातडी रसात शिजून मऊच राहते याविषयी मात्र एकमत होते.