अक्रोडाची टरफलं, काळे व्हॉल्व्ह आणि मशीनचा हप्ता: जीडीआय क्लीनिंगचा धंदा वाशिममध्ये चालेल का?

"सर, डीकार्ब मशीन घेऊ का?" हा प्रश्न मला गॅरेज टाकू पाहणाऱ्या पोरांकडून सारखा येतो. उत्तर देण्याआधी माझीच एक चूक सांगतो.

आमच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात एक गिऱ्हाईक यायचे. टर्बो पेट्रोल एसयूव्ही, साधारण साठ हजार किलोमीटर चाललेली. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की गाडी थरथरायची, चेक इंजिनचा दिवा लागायचा, गरम झाली की ठीक. मी त्यांना इंजेक्टर क्लीनरची बाटली विकली. पंधरा दिवसांनी परत आले, तर आणखी एक विकली! शेवटी आमच्या ओळखीचा मिस्त्री मला म्हणाला, "भाऊ, बाटलीनं काही नाही होत. पेट्रोल तिथं जातच नाही ना. मॅनिफोल्ड खोला लागते."

त्याचं बरोबर होतं. कसं ते बघा.

अल्टो, वॅगनआर, स्विफ्टसारख्या गाड्यांत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे, हवेच्या वाटेत फवारलं जातं. पेट्रोलमध्ये डिटर्जंट असतं, त्यामुळे प्रत्येक फवाऱ्याला व्हॉल्व्ह आपोआप धुतला जातो. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये, म्हणजे जीडीआयमध्ये, इंजेक्टर थेट सिलिंडरच्या आत फवारतो. ताकद आणि मायलेजला हे चांगलं, पण व्हॉल्व्हची अंघोळ बंद. त्यात क्रँककेसमधली तेलाची वाफ पीसीव्हीच्या नळीतून परत इनटेकमध्येच येते, थोडं तेल व्हॉल्व्हच्या दांडीवरून उतरतं. गरम व्हॉल्व्हवर हे तेल भाजलं जातं. आपल्या तव्याच्या कडेला काळा थर बसतो ना, तसंच. थर जाड झाला की हवा नीट आत जात नाही आणि मिसफायर सुरू होतं. टाकीत ओतलेलं क्लीनर इंजेक्टरचं तोंड साफ करू शकतं, पण ते व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला पोहोचतच नाही. माझ्या दोन्ही बाटल्या वाया गेल्या त्या अशा. एका बाटलीचे पैसे मी परत केले. दुसरीचे त्यांनी घेतले नाहीत, पण मला अजून खटकतं.

खात्रीचा इलाज म्हणजे मॅनिफोल्ड काढून सफाई. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भरडा हवेच्या दाबाने मारतात. ही टरफलं कार्बन फोडण्याइतकी कडक असतात, पण धातूला ओरखडा पडेल इतकी नाहीत. ज्या सिलिंडरचं काम चालू आहे त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद स्थितीत आणायचे, बाकीचे पोर्ट बुजवायचे, व्हॅक्यूमने भरडा ओढून घ्यायचा. एखादा व्हॉल्व्ह जरा उघडा राहिला तर भरडा सिलिंडरमध्ये जातो आणि शंभराच्या कामात हजाराचा खड्डा पडतो. दुसरी गोष्ट जिवाची. जीडीआयच्या रेलमध्ये पेट्रोलचा दाब २०० बारपर्यंत, नव्या इंजिनांत त्याहून जास्त असतो. इंजिन बंद केलं म्हणून लगेच पाईपला पाना लावायचा नाही. आधी कंपनीच्या पद्धतीने दाब उतरवायचा.

चालू इंजिनात केमिकल फवारायचं मशीनही मिळतं. हलक्या थराला थोडाफार फरक पडू शकतो, पण टर्बोच्या गाडीत सुटलेला तुकडा टर्बाईनवर जाऊन आदळण्याची भीती असते. मी तरी गिऱ्हाइकाच्या गाडीवर तो प्रयोग करणार नाही.

आता धंद्याचं बोलू. समजा मशीन, कॉम्प्रेसर वगैरे धरून महिन्याला ५,००० रुपये हप्ता बसतो आणि एका कामात सगळा खर्च जाऊन १,००० रुपये उरतात. म्हणजे नुसता हप्ता फेडायला महिन्याला ५, वर्षाला ६० गाड्या पाहिजेत. पण एक गाडी या कामासाठी दरवर्षी येत नाही. तीन वर्षांनी एकदा धरा. म्हणजे तुमची १८० जीडीआय गिऱ्हाइकं कायमची बांधलेली पाहिजेत, आणि एवढं करून तुमच्या खिशात शून्य!

जीडीआय म्हणजे कोणत्या? थार आणि एक्सयूव्ही ७०० ची पेट्रोल इंजिनं, क्रेटा, सेल्टोस, व्हेन्यूची टर्बो पेट्रोल, कुशाक आणि टायगुन, फ्रॉन्क्सचं टर्बो. अशा १८० गाड्या रिसोड किंवा मानोऱ्याच्या एका गॅरेजकडे येतील का, तुम्हीच सांगा. कुणी म्हणेल, समृद्धी महामार्ग कारंजा, मालेगाववरून जातो, गाड्याच गाड्या! पण मुंबईला निघालेला माणूस वाटेत मॅनिफोल्ड खोलून बसत नाही. तो पंक्चर काढतो नि जातो.

"पीएमईजीपीत सबसिडी आहे ना सर?" आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, विशेष गटाला ३५. पण ती रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेली असते. तोवर हप्ता तुम्हालाच भरायचा आहे.

मी विचारणाऱ्या पोराला सांगतो, आधी फक्त मोबाईलला जोडायचा बोरोस्कोप कॅमेरा घे. गिऱ्हाइकाला त्याचाच व्हॉल्व्ह दाखव, मग दर सांग. फोटो बघितला की घासाघीस कमी होते. आणि महिनाभर वहीत प्रत्येक गाडीचं इंजिन लिहून ठेव. गेल्या वर्षी एकाने खरंच लिहिलं. त्याच्या वहीत जीडीआय निघाल्या दोन. पण बोलेरोसारख्या डिझेल गाड्या पानभर होत्या. डिझेलमध्ये ईजीआरमधून येणारी काजळी आणि तेलाची वाफ मिळून मॅनिफोल्ड असाच तुंबतो, आणि तो काढून धुवायला पाने, केमिकल, ब्रश नि नवी गॅस्केट एवढ्यावर भागतं. त्याने मशीनचं कोटेशन बाजूला ठेवलं आणि ईजीआर सफाईचा बोर्ड लावला. जीडीआयची गाडी आली की तो कॅमेऱ्याने तपासतो, तपासणीचे पैसे घेतो आणि काम अकोल्याला पाठवतो.