जोगेश्वरीची हवा मोजायची कुठून?

उपग्रहाने काढलेला मुंबईच्या प्रदूषणाचा रंगीत नकाशा पाहिला की हवेचा हिशेब लागला असं वाटतं. युरोपच्या ‘सेंटिनेल-५पी’ उपग्रहावरचं ‘ट्रोपोमी’ हे उपकरण २०१७ पासून अवकाशातून नायट्रोजन डायऑक्साइड मोजतं आहे, आणि ते काम मोलाचं आहे. पण त्याचा एक ठिपका जमिनीवर सुमारे साडेपाच किलोमीटर लांब आणि साडेतीन किलोमीटर रुंद असतो. एवढ्या जागेत जोगेश्वरीचा पश्चिम द्रुतगती महामार्ग, विक्रोळीकडे जाणारा लिंक रोड आणि आरेची झाडी सहज मावतात, म्हणून हाती येते ती सगळ्यांची सरासरी. शिवाय उपग्रह इथून जातो दुपारी दीडच्या सुमारास, म्हणजे उन्हाने हवा वर-खाली ढवळलेली आणि खारे वारे बहुधा सुटलेले असताना. थंडीतल्या सकाळी जमिनीलगतचा थर उथळ असतो आणि ट्रकांचा धूर रस्त्यावरच साचतो. लोकांना सर्वांत जास्त त्रास देणारी ही वेळ उपग्रहाच्या वाट्याला येतच नाही.

मग जमिनीवरच यंत्रं वाढवावीत, असं कोणीही म्हणेल. वाढवायला हवीतच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ‘सफर’ यंत्रणा मुंबईत २०१५ मध्ये आली आणि तिची अंधेरी, मालाडची केंद्रं तासातासाची हवा सांगतात. बांधकामाभोवती पत्र्याचं उंच कुंपण घालण्याची सक्ती महापालिकेने २०२३ मध्ये केली. त्याने धूळ खरोखर अडते का, हे कुंपणाच्या दोन्ही बाजूंना यंत्र ठेवूनच कळेल. मात्र अशा ठिकाणी परवडणारा स्वस्त सेन्सर प्रकाश कणांवरून किती विखुरतो एवढंच पाहतो, आणि दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, त्यामुळे आकडाही फुगतो. म्हणूनच राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी २०२०-२१ मध्ये असे ४० सेन्सर मुंबई परिसरातल्या प्रमाणित केंद्रांशेजारी ठेवून तपासले.

तरीही उंचीचा प्रश्न उरतो. उपग्रह वातावरणाच्या उभ्या स्तंभातला एकूण साठा सांगतो, त्यातला नाकाशी किती आणि किलोमीटरभर वर किती, हे सांगत नाही. ती वाटणी विमान वर-खाली उडून थेट मोजतं. आयआयटीएमने २००९ पासून ‘कायपीक्स’ मोहिमेत ढग आणि सूक्ष्म कणांसाठी अशी उड्डाणं केली आहेत. विमानं महाग आहेत, आणि गजबजलेल्या विमानतळाशेजारी कमी उंचीवर उडणं अवघड, हा आक्षेप खरा आहे. पण रोज उडायची गरजच नाही. कोणत्या उंचीवर किती कण आहेत याची रोजची नोंद जमिनीवरचे लायडार, म्हणजे वर लेझर सोडून कण टिपणारी यंत्रं, ठेवू शकतात. विमान हवं ते त्यांचा आणि उपग्रहाचा आकडा पडताळायला: मतलई वाऱ्याने शहराचा धूर समुद्रावर नेलेला असतानाच्या पहाटे एकदा, आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर तो उपनगरांकडे परत येतो का हे पाहायला दुपारी पुन्हा.