उखळी तोफेची तीन साले

पहिल्या महायुद्धात हाती लागलेल्या जर्मन तोफा विजेत्या देशांनी गावोगावच्या बागांत मांडल्या. त्यांतल्या बऱ्याच दुसऱ्या महायुद्धात भंगार म्हणून वितळल्या. उरलेल्यांत एखादी आखूड, जाड नळीची उखळी तोफ निघते. पाटीवर एवढेच असते: 'जर्मन तोफ, 1918'.

मी पाटी शेवटी वाचतो. आधी चुंबक नळीला लावतो. ते धरले नाही, तर रंगाच्या थरांखाली ब्राँझ आहे. धरले, तर लोखंड किंवा पोलाद. ब्राँझ दिसले म्हणून तोफ फार जुनी असे ठरवता येत नाही. क्रुप कारखान्याच्या पोलादी तोफांचा बोलबाला झाल्यावरही जर्मनीत ब्राँझच्या उखळी तोफा ओतल्या जात होत्या.

मग नळीच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकायचा. आत पीळदार चर नसतील, तर ती तोंडाकडून भरायची जुनी तोफ. प्रशियात अशा तोफांची नावे गोळ्याच्या वजनावरून पडत, आणि वजन धरत दगडी गोळ्याचे. म्हणून '50 पौंडी' तोफेचे तोंड तब्बल 28 सेंटिमीटरचे. त्या मापाचा भरीव लोखंडी गोळा 80 किलोंच्या वर जाईल. चर असतील, तर कॅलिपरने दोन चरांमधल्या उंचवट्यापासून समोरच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर घ्यायचे. इथे नावे सेंटिमीटरची, पण आकडे ढोबळ: '15 सेंटिमीटर' म्हणजे प्रत्यक्षात 149.1 मिलिमीटर.

1870 साली फ्रान्सविरुद्धच्या युद्धात, स्ट्रासबुर्गच्या वेढ्यात प्रशियाने 21 सेंटिमीटरच्या, चर पाडलेल्या उखळी तोफा आणल्या. पुढे हेच माप टिकले, आणि घोटाळा तिथेच होतो. 1899 आणि 1910 या दोन्ही नमुन्यांची नळी 211 मिलिमीटरची. फरक गाड्यात. 1899 च्या तोफेत धक्का झेलणारी यंत्रणा नाही. नळीचे दोन्ही बाजूंचे खुंट थेट गाड्यात बसतात. 1910 ची नळी मात्र पाळण्यावर, म्हणजे तिला पेलणाऱ्या चौकटीवर, मागे सरकते. अर्थात गाडा बदललेला असू शकतो, म्हणून निकाल नळीकडेच मागायचा.

त्यासाठी बॅटरी आडवी धरून रंगाखालचे उठाव शोधतो. मुकुटाखाली राजाची आद्याक्षरे, गरुड, 'उल्टिमा रात्सिओ रेगिस' (राजाचा अखेरचा युक्तिवाद) ही लॅटिन ओळ सापडली की प्रशियाचा माग लागतो. मागच्या बाजूला कारखान्याचे नाव, क्रमांक, वजन, साल असते. खरवडायचे नाही, पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की अक्षरे उमटतात.

तिथे 1918 च्या कितीतरी आधीचे साल निघाले, तर पाटी खोटी ठरत नाही. खंदकांचे युद्ध सुरू होताच जर्मनांनी जुन्या उखळी तोफा पुन्हा कामाला लावल्या होत्या. म्हणून नोंदीत तीन रकाने हवेत: नमुना ठरल्याचे साल, नळी घडल्याचे साल, तोफ हाती लागल्याचे साल. बहुतेक पाट्यांवर फक्त तिसरा भरलेला असतो. पहिले दोन तोफच सांगू शकते.