सिंकने घेतली शाळा

एमएससाठी अमेरिकेला निघालेल्यांच्या बॅगेत कुकर असतो, गोडा मसाला असतो, आईच्या हातचं मेतकूटसुद्धा असतं. पण तिथल्या सिंकखाली बसवलेलं मशीन कसं वापरायचं, हे कुणीच सांगत नाही. मग एक दिवस पाणी खाली जायचंच थांबतं!

गेल्या वर्षी गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ताईचा, म्हणजे माझ्या मावसबहिणीचा, व्हिडिओ कॉल आला. ताई टेक्सासमध्ये एमएस करतेय आणि तिघी रूममेट्ससोबत राहते. मला वाटलं, उकडीचे मोदक दाखवायला फोन केला असणार. तिने कॅमेरा सिंककडे वळवला. दोन खणांचं स्टीलचं सिंक, दोन्ही खणांत काठापर्यंत पांढरट पाणी, आणि त्यावर तरंगणारा एक केळीच्या पानाचा तुकडा.

‘अगं, हे बघ. सिंकमध्ये खीर झालीय,’ ताई म्हणाली. ती हसत होती, पण आवाज रडवेला होता.

झालं असं होतं, की ऑगस्टमध्ये घरात शिरल्या शिरल्या चौघींना सिंकशेजारचा स्विच सापडला. तो दाबला की सिंकच्या भोकातून घर्रर्र आवाज येतो आणि आत टाकलेलं खरकटं गायब! हेच गार्बेज डिस्पोजल. आपल्याकडे क्वचितच दिसणारं, पण अमेरिकेतल्या अपार्टमेंट्समध्ये अगदी कॉमन. मग काय, फ्रिजमधला चार दिवसांचा भात, बटाट्याची सालं, कोथिंबिरीची देठं, कढईतलं उरलेलं तेल, सगळं त्यातच जायला लागलं. दोन आठवड्यांत पाणी सावकाश जायला लागलं. ‘जातंय ना? मग झालं,’ असं म्हणून चौघींनी दुर्लक्ष केलं. चतुर्थीला मोदकांच्या उकडीचं पातेलं त्यात धुतलं आणि सिंकने हात वर केले.

ब्लेड नाही, भ्रम आहे

डिस्पोजल म्हणजे मिक्सरसारखी धारदार पाती, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. आत एक गोल तबकडी वेगाने फिरते. तिच्यावरचे धातूचे बोथट तुकडे अन्नाला बाहेरच्या बाजूला फेकतात आणि कडेच्या खरबरीत कड्यावर घासून त्याचा चुरा होतो. तो चुरा पाण्यासोबत बाजूच्या पाइपमधून निघून जातो.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन शहरातल्या जॉन हॅम्स या आर्किटेक्टने १९२७ मध्ये हे मशीन तयार केलं. १९३५ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पण सगळ्यांनी त्याचं आनंदाने स्वागत केलं असं नाही. जुन्या गटारांना हा भार झेपेल का, या काळजीपोटी न्यूयॉर्कच्या मोठ्या भागात घरगुती डिस्पोजलवर बंदी होती. ती थेट १९९७ मध्ये उठली.

या काळजीतच आपल्या तुंबलेल्या सिंकचं उत्तर आहे. डिस्पोजल कचरा नाहीसा करत नाही. फक्त बारीक करतं. तो पुढे वाहून नेण्याचं काम पाण्याचं आणि पाइपचं. सिंकखाली ‘यू’ अक्षरासारखा वाकलेला पाइप असतो, त्याला ट्रॅप म्हणतात. त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं, म्हणून गटाराचा वास घरात येत नाही. पण हाच बाक पहिल्यांदा तुंबतो.

आपलं जेवण आणि त्यांचा पाइप

आता आपलं रोजचं जेवण आठवा. भात, पोहे, साबुदाणा, कणीक, उकड. हे सगळं स्टार्च आहे. पाण्यात ते फुगतं आणि बारीक केल्यावर त्याची खळ होते. पतंगाला कागद चिकटवायला आपण भाताची शितं वापरायचो ना? तेच काम ती पाइपमध्ये करतात.

दुसरा गट धाग्यांचा. मेथी-कोथिंबिरीची देठं, कांद्याची सालं, मक्याच्या कणसाची पानं, चावून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा. यांचे दोरे तबकडीला गुंडाळले जातात. तिसरा चहाचा चोथा. तो आधीच बारीक असल्यामुळे बिनबोभाट आत जातो आणि बाकात गाळासारखा बसतो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तेल-तूप. गरम असताना ते सहज ओतलं जातं, पुढे पाइपमध्ये गार होतं आणि भिंतीला थर धरतं. त्या थरावर शितं चिकटतात, त्यावर चोथा. एकदा ओतलं की ते आपल्या नजरेआड होतं, एवढंच. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात चरबी आणि वेट वाइप्सचा मिळून बनलेला एक गोळा सापडला होता. लांबी सुमारे २५० मीटर, वजन सुमारे १३० टन! एवढा मोठा गोळा एका घरातून तयार होत नाही, घराघरातल्या कढयांमधून होतो.

‘काही टाकलंय का आत?’

परत ताईच्या घरी. मेंटेनन्सला कळवलं तर डिपॉझिट कापतील, अशी चौघींना धास्ती. म्हणून एक जण दुकानातून पाइप मोकळा करायचं केमिकल घेऊन आली. अर्धी बाटली ओतली. पाणी हललं नाही. उरलेली अर्धी ओतली. तरीही नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी नाइलाजाने कंप्लेंट टाकली.

मेंटेनन्सवाले काका आले, सिंकखाली बसले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘आत काही केमिकल टाकलंय का?’

‘आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो,’ ताई सांगते. ‘एकीची मान नकारार्थी हलायलासुद्धा लागली होती. मला पैशांची भीती होतीच. पण ते पाइपच्या बरोबर खाली तोंड करून बसले होते गं. मी म्हटलं, हो, टाकलंय. आणि रिकामी बाटली दाखवली.’

काका काही बोलले नाहीत. गाडीतून गॉगल आणि लांब रबरी हातमोजे घेऊन आले, बादली खाली ठेवली आणि मगच ट्रॅप उघडला. आतून पांढऱ्या खळीचा गोळा निघाला. सोबत ते केमिकलचं पाणीही.

अशा अनेक क्लीनर्समध्ये कॉस्टिक सोडा असतो, काहींमध्ये तीव्र अॅसिड. पाणी तुंबलेलं असेल तर ते पुढे जातच नाही, तिथेच साचून राहतं. ट्रॅप उघडणाऱ्याच्या अंगावर ते सांडलं तर कातडी भाजते, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. शिवाय एकावर एक वेगवेगळे क्लीनर ओतले तर विषारी वायू तयार होऊ शकतो. ब्लीच आणि अॅसिड एकत्र आले की क्लोरीन बाहेर पडतो. डिस्पोजल असलेल्या सिंकमध्ये तर ही केमिकल्स नकोच. मशीनचे आतले भागही त्याने खराब होतात.

ताईचं डिपॉझिट शाबूत राहिलं. पण त्या रात्री तिने पहिल्यांदा लीझ पूर्ण वाचलं. चुकीच्या वापराने झालेल्या नुकसानीचा खर्च भाडेकरूकडून घेता येईल, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पाणी पहिल्यांदा सावकाश जायला लागलं, तेव्हाच कळवलं असतं तर एवढं काही झालंच नसतं.

मग करायचं काय?

पहिल्यांदा आवाज ऐका. स्विच दाबल्यावर मशीन नुसतं घुमतंय आणि फिरत नाहीये, तर काहीतरी अडकलंय. लगेच बंद करा, नाहीतर मोटर जळते. मग प्लग काढा किंवा ब्रेकर पाडा, टॉर्चने आत बघा आणि अडकलेली वस्तू चिमट्याने काढा. हात आत घालायचा नाही, मशीन बंद असलं तरी नाही. बऱ्याच मशीन्सच्या तळाला मधोमध षटकोनी भोक असतं. त्यात अॅलन की घालून मागे-पुढे फिरवलं की तबकडी सुटते.

काहीच आवाज नाही? मशीनच्या बुडाशी लाल रंगाचं रिसेट बटण असतं. मशीन थोडं गार होऊ द्या आणि ते दाबून बघा. मशीन न चालण्याच्या काही कंप्लेंट तिथेच मिटू शकतात.

मशीन व्यवस्थित फिरतंय पण पाणी साचतंय, याचा अर्थ अडथळा पुढे पाइपमध्ये आहे. अशा वेळी मशीन पुन्हा पुन्हा चालवू नका, घाण पाणी शेजारच्या खणात वर येतं. दुसऱ्या खणाचं भोक ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरा आणि प्लंजर मारा. फडकं विसरलात तर सगळा जोर तिकडून निघून जातो. डिशवॉशरचा पाइप डिस्पोजलला जोडलेला असेल तर जोरात प्लंजर मारल्यावर घाण पाणी त्यात शिरू शकतं, तेव्हा सांभाळून. दहा-पंधरा वेळा मारूनही फरक पडला नाही तर थांबा आणि मेंटेनन्सला कळवा.

आणि रील्समधला तो बेकिंग सोडा-व्हिनेगरचा फेस? बघायला मजा येते. पण दोन्ही एकत्र आले की एकमेकांना निष्प्रभ करतात. उरतं ते बहुतांशी खारट पाणी आणि उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. थोडा वास जाईल, खळीचा गोळा हलणार नाही.

रोजची सवय

१. आधी गार पाणी सुरू करा, मग स्विच. गार पाण्यात तेलकटपणा गोठलेल्या कणांच्या रूपात वाहून जातो, गरम पाण्यात तो पातळ होऊन पुढे पाइपला चिकटतो.

२. एका वेळी थोडं थोडं टाका. दळण्याचा आवाज थांबला की आणखी अर्धा मिनिट पाणी चालू ठेवा.

३. भात, उकड, देठं, चोथा, आंब्याची कोय डस्टबिनमध्येच.

४. तेल गार करून जुन्या डब्यात भरा किंवा कढई टिश्यूने पुसून घ्या.

५. पाणी सावकाश जायला लागलं की त्याच दिवशी कळवा आणि काही टाकलं असेल तर खरं सांगा.

पुण्या-मुंबईत फ्लॅट शेअर करून राहणाऱ्यांनी हसू नये. आपल्याकडे मशीन नाही, पण बाक असलेला पाइप तोच आणि भातही तोच. इथे फक्त एक जाळी पुरते, ती रोज झटकली तर!

ताईच्या सिंकवर आता अशी एक जाळी आहे. बाजूला खरकट्याचा डबा आहे. यंदा गणपतीला उकडीचं पातेलं आधी उलथन्याने खरवडायचं, असं चौघींनी ठरवलंय. ताईने हा सगळा बेत माझ्या मावशीला फोनवर कौतुकाने सांगितला.

मावशी म्हणाली, ‘ताटातलं खरकटं आधी काढ, मग भांडी घास. हे मी तुला दहावीपासून सांगतेय. त्यासाठी अमेरिकेला जायची काय गरज होती?’