जुन्या घराच्या खिडक्या

जुन्या घराची डागडुजी निघाली की पहिला बळी जातो तो खिडकीचा. झडप नीट लागत नाही, खालची कड भुसभुशीत झाली आहे, रंगाचे पोपडे निघाले आहेत. कंत्राटदार एक नजर टाकतो आणि म्हणतो, "काढून टाकू हो, ॲल्युमिनियमची सरकती बसवू." घरातल्या मंडळींनाही ते पटते. मग ती चौकट भिंतीतून उपटली जाते आणि जुन्या बाजारात जाते. तिथल्या व्यापाऱ्याला मात्र तिची किंमत बरोबर कळते!

खिडकी काढण्यापूर्वी ती जरा जवळून बघा, एवढेच आज तुम्हांला सांगायचे आहे. आपल्याकडच्या वाड्यांतून आणि कोकणातल्या घरांतून ज्या जुन्या खिडक्या आहेत त्या बहुधा सागवानी. पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७ साली पूर्ण झाला. त्यातले सागवानी काम, अधूनमधून दुरुस्त्या होत होत, आजही उभे आहे. यात जादू काही नाही. सागाच्या गाभ्यात एक तेलकट अंश असतो, तो वाळवीला आणि बुरशीला मानवत नाही. गाभ्याभोवतीचे फिकट लाकूड मात्र कच्चे; कीड लागते ती त्याला. पूर्वी वयात आलेल्या झाडाचा गाभा वापरीत. आज लवकर तोडलेल्या झाडाच्या फळीत पुष्कळदा फिकट भागच जास्त निघतो. म्हणजे जुनी खिडकी काढून नवी लाकडी बसवली तरी तुम्ही चांगले देऊन हलके घेता.

मग इतकी चांगली खिडकी कुजते कशी? पाण्याने. वयाचा दोष नाही. लाकडातला ओलावा शंभरात वीस भागांच्या खाली राहिला तर त्यात कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणून कोणतीही जुनी खिडकी पाहा: वरचा सारा भाग खणखणीत असतो, खराब होते ते झडपेचे खालचे आडवे लाकूड, चौकटीचे तळचे लाकूड आणि गज जिथे लाकडात शिरतात ती जागा. लोखंडी गज गंजला की फुगतो आणि लाकूड चिरतो. त्या चिरेतून पाणी आत जाते. पेचकसाचे टोक जागोजागी टोचून पाहावे. जिथे ते लोण्यात शिरल्यासारखे शिरते तेवढाच भाग गेला, असे समजा.

आणि तेवढाच काढा. चांगला सुतारमेस्त्री कुजका भाग पक्क्या लाकडापर्यंत तिरपा कापतो, तसाच तिरपा सागाचा तुकडा बसवतो, पाण्याला टिकणारा सरस लावतो आणि वर लाकडी खुंटी ठोकतो. तुकड्याच्या शिरा जुन्या लाकडाच्या शिरांच्या दिशेनेच हव्यात, नाहीतर दोन्ही वेगवेगळे फुगतात आणि सांधा उघडतो. हा तुकडा जुन्या तुळईतून काढलेला मिळाला तर सोन्याहून पिवळे. तो कधीच सुकून बसलेला असतो. भोकात सिमेंट भरून वर रंग फासण्याचा एक सोपा उपाय पुष्कळजण करतात. तो करू नये. लाकूड आकसते, सिमेंट आकसत नाही. मध्ये फट पडते आणि तिच्यात पाणी साचते. चौकट आणि भिंत यांमधली फटसुद्धा चुन्यानेच भरलेली बरी.

आता झडप लागत नाही त्याविषयी. आषाढात लाकूड हवेतली ओल पिते आणि आडव्या अंगाने फुगते. लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. तेव्हा लगेच रंधा मारून घ्याल तर उन्हाळ्यात तीच झडप खुळखुळेल आणि पुढच्या पावसात वाऱ्याबरोबर पाणी आत येईल. आधी बिजागरीचे खिळे ढिले झालेत का ते बघा. झडप खाली ओघळल्यामुळे अडकत असेल तर दोष फुगण्याचा नाहीच. रंधा मारायचाच तर सुकल्यावर मारा.

जुना रंग खरवडताना जपले पाहिजे. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा २०१७ साली लागू झाली. त्याआधीच्या तेलरंगांत शिसे बरेच असू शकते, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला फार घातक आहे. म्हणून कोरडे घासू नका, दिव्याच्या ज्योतीने जाळूही नका. पाणी शिंपडून ओले खरवडा, पोपडे कागदावर गोळा करा आणि काम संपेपर्यंत मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

उघड्या लाकडाला जवसाचे तेल पातळ हाताने दोन-तीनदा द्यावे. प्रत्येक हात सुकू द्यावा. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना तापते आणि गोळा झालेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

एवढे करूनही पाणी खिडकीवर येतच राहिले तर मेहनत वाया. तळच्या लाकडाला बाहेरच्या बाजूस उतार असावा आणि त्याच्या खालच्या अंगाला कडेजवळ एक बारीक खाच असावी. पाणी त्या खाचेशी येऊन खाली ठिबकते, मागे भिंतीकडे सरकत नाही. वर पुढे आलेली वळचण असेल तर ती कधी कापू नका. कोकणात पश्चिमेच्या अंगाला पावसाळ्यापुरते झावळ्यांचे झाप बांधतात. त्यांमागे खिडकी चार महिने कोरडी राहते. शहरात झाप कोण बांधणार? पण खिडकीवर हातभर रुंदीचा पत्रा, पुढे उतार देऊन, कुणालाही लावता येतो. तो वैशाखातच लावून घ्यावा. मृगाच्या तोंडावर सुतार मिळत नाहीत.